पेट्रोल किती, हवा किती?

आपल्या समाजात अशी कितीतरी घरे आहेत, की जेथे अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी फियाट वा अ‍ॅम्बॅसडर आजही उभी असते. ती कोणी हौसेखातर विकत आणलेली नसते. वडिलांनी किंवा आजोबांनी नाव नोंदवून, वर्षानुवर्षे वाट पाहून ती मिळवलेली असते. तिच्यातूनच घरच्या लेकी सासरी गेलेल्या असतात. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडते, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, आणि गाडी गावातून एक फेरी मारून आली, की घरातले कोणी वडीलधारे म्हणतात, "गाडी पेट्रोल फार खाते. मिस्त्रीला सांगून कार्बुरेटर जरा आवळून घ्या." या एका वाक्याविषयीच या महिन्यात लिहावे असे आम्ही योजिले आहे. पूर्वी हा सल्ला फार तर निरुपयोगी ठरे. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र तो इंजिनाच्या जिवावर बेतण्याजोगा झाला आहे.

आम्ही ज्या गाड्यांविषयी बोलत आहो, त्या बहुतेक वाचकांच्या परिचयाच्या आहेत. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट ११०० चा भारतीय अवतार बाहेर पडला आणि १९७० च्या दशकात त्यास 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. तिचे इंजिन १०८९ सी.सी.चे. अ‍ॅम्बॅसडरचे १४८९, मद्रासला तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेरल्डचे ९४८, आणि डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे ७९६ सी.सी. यांतील एकही गाडी आज कारखान्यातून निघत नाही. मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. तथापि खाजगी मालकांकडे या गाड्या अजून आहेत, आणि त्या सुस्थितीत राहाव्यात अशी मालकांची मनापासून इच्छाही आहे.

आजच्या गाडीत धूर तपासणारा एक संवेदक असतो. पेट्रोल कमी पडते की अधिक होते, हे तो क्षणोक्षणी गाडीतल्या संगणकास कळवतो आणि संगणक ते दुरुस्त करतो. जुन्या गाडीत असा पहारेकरी नाही. तिथे पितळेची काही बारीक भोके, एक तरंगणारा फ्लोट आणि दोन स्क्रू एवढ्यावरच सर्व कारभार चालतो. एकदा बसवलेले माप कार्बुरेटर निमूटपणे पाळत राहतो. हवा बदलली, गाव बदलले, पेट्रोल बदलले, तरी त्याला त्याची वार्ता नसते. ते बदल ओळखून माप जुळवणे हे माणसाचे काम आहे.

घरातील गॅसची शेगडी पाहिली म्हणजे हा सर्व प्रकार सहज ध्यानात येतो. शेगडीतही एक जेट असतो, आणि त्यालगत हवा आत येण्यास वाट असते. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी व आवाज शांत राहतो. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचे बूड काळे पडते. हवा फार झाली की ज्योत बर्नर सोडून उडू लागते व विझते. इंजिनाच्या सिलिंडरातही हेच घडते, फक्त आपल्या डोळ्यांस ते दिसत नाही. १ किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवेच्या मानाने पेट्रोल अधिक झाले तर मिस्त्री त्यास 'रिच' म्हणतात, कमी पडले तर 'लीन'. रिच मिश्रणाने प्लगवर काजळी धरते, धूर काळा होतो, पेट्रोल वाया जाते. लीन मिश्रणाने गाडी अडखळते, तापते, आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जळतात. पहिल्या दोषाची किंमत पेट्रोल पंपावर द्यावी लागते. दुसऱ्याची, इंजिन उघडल्यावर.

आपले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी कल्याणी. येथेच विक्रमादित्य सहाव्याच्या काळात विज्ञानेश्वरांनी 'मिताक्षरा' सिद्ध केली. 'मित' म्हणजे मोजके, मापात बसणारे. कार्बुरेटरचे सारे शास्त्रही त्या एका शब्दात सामावलेले आहे. मात्र येथे हे माप गावोगाव बदलते. बसवकल्याण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवा मुंबईच्या मानाने ५ ते ६ टक्के विरळ असते. कार्बुरेटरच्या रचनेप्रमाणे हवा इतकी विरळ झाली, की मिश्रण सुमारे ३ टक्के रिच होते. म्हणजे मुंबईत नीट लावून घेतलेली गाडी घाट चढून पुणे, सोलापूर, उमरगा करीत येथे पोहोचते, तेव्हा ती किंचित रिच चालत असते. तीच गोष्ट ऋतूंची. मार्गशीर्षातील पहाटे पारा १२ अंशांवर असतो आणि वैशाखातील दुपारी ४२ वर चढतो; केवळ या फरकाने हवेची घनता ९ ते १० टक्क्यांनी उतरते व मिश्रण सुमारे ५ टक्के रिच होते. जुने मिस्त्री उन्हाळ्यात स्क्रू किंचित आत घेत व थंडीत किंचित बाहेर काढीत, त्यामागे हेच कारण होते. "गाडी पेट्रोल फार खाते, कार्बुरेटर आवळा" हा सल्लाही अशाच अनुभवातून आला असावा. त्या काळी तो सर्वस्वी चुकीचा नव्हता.

परंतु आता पेट्रोलच बदलले आहे. शिसे घातलेले पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. त्यानंतर पेट्रोलात इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला. जून २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरू येथे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाच्या विक्रीचा प्रारंभ झाला, आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्वत्र पोहोचले. इथेनॉल उसापासून व धान्यापासून होते. आपल्या बीदर जिल्ह्यात ऊस पिकतो, तेव्हा शेतकऱ्याच्या दृष्टीने या धोरणात लाभ आहे, आणि परदेशी तेलावरचा खर्चही वाचतो. त्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. जुन्या कार्बुरेटरच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

इथेनॉलच्या अंगी मुळातच प्राणवायू असतो, त्यामुळे ते जळण्यास बाहेरची हवा कमी लागते. १ किलोस सुमारे ९ किलो. म्हणून २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलास १४.७ ऐवजी साधारण १३.५ किलो हवा पुरते. कार्बुरेटरच्या जेटचे भोक मात्र जुन्याच मापाचे आहे. ते पूर्वीइतकेच इंधन सोडते, आणि त्या इंधनास आता हवा जास्त होते. परिणाम असा, की कोणी स्क्रूला हातही न लावता मिश्रण सुमारे ८ टक्के लीन झालेले असते. आपल्या उंचीने ३ टक्के रिचपणा दिला, तो वजा जाता ५ टक्के लीनपणा शिल्लक राहतो. आणि थंडीत तो आणखी वाढतो. अशा गाडीचे मिश्रण आणखी आवळणे म्हणजे आधीच उपाशी असलेल्या माणसास लंघन सांगण्यासारखे आहे.

"मग गाडी पेट्रोल अधिक का खाते?" असे वाचक विचारतील. याचे उत्तर सोपे आहे. एक लिटर इथेनॉलात एक लिटर पेट्रोलाच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या लिटरात शुद्ध पेट्रोलाच्या मानाने ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी भरते. पूर्वी लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी आता १४ जाईल, हे गृहीतच धरावे. ही तूट इंधनातच आहे. कोणताही स्क्रू ती भरून काढू शकत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. यातील पहिला नियम असा, की कार्बुरेटरला हात सर्वांत शेवटी लावावा. गाडीच्या ज्या तक्रारी कार्बुरेटरच्या नावावर खपतात, त्यांतल्या पुष्कळशा प्लग, पॉइंट, टॅपेट वा टायमिंग यांच्या असतात. म्हणून आधी एअर फिल्टर स्वच्छ करावा. प्लग काढून त्यांचे अंतर फीलर गेजने मोजावे. पॉइंट जळालेले असतील तर बदलावेत, टॅपेटचे अंतर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे बसवावे व इग्निशनचे टायमिंग तपासावे. त्यानंतर कार्बुरेटर व मॅनिफोल्ड यांमधील पॅकिंग पाहावे. तेथून चोरून हवा शिरत असेल, तर हजार वेळा स्क्रू फिरवूनही गाडी एका लयीत चालणार नाही. शेवटी कार्बुरेटर उघडून फ्लोटच्या टाकीतील गाळ काढावा. जेटमध्ये तार वा सुई घालण्याची रीत फार वाईट. त्याने भोक मोठे होते आणि माप कायमचे बिघडते. जेट पेट्रोलात धुऊन हवेच्या दाबाने साफ करावेत.

मग इंजिन चांगले पंधरा-वीस मिनिटे चालवून तापवावे व चोक पूर्ण उघडा आहे याची खात्री करावी. हे काम नेहमी उघड्यावर करावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाचा जीव घेतो. जवळपास कोणी विडी ओढणार नाही हेही पाहावे.

सोलेक्स पद्धतीच्या कार्बुरेटरवर दोन स्क्रू असतात. एक इंजिनाची गती ठरवतो, दुसरा आयडलिंगचे मिश्रण. प्रथम गतीच्या स्क्रूने इंजिन नेहमीपेक्षा थोडे वेगाने फिरत ठेवावे. मग मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत घ्यावा. एका ठिकाणी इंजिन अडखळू लागेल. ती लीनची सीमा. आता स्क्रू पाव-पाव आटा बाहेर काढावा आणि दर वेळी इंजिन स्थिर होऊ द्यावे. गती वाढत जाईल, मग एका ठिकाणी इंजिन जड होऊन डुलल्यासारखे फिरू लागेल. ती रिचची सीमा. या दोहोंच्या मध्ये जेथे इंजिन सर्वांत वेगाने व एका सुरात फिरते, तेथे स्क्रू सोडावा. मग गतीचा स्क्रू सैल करून गती खाली आणावी, आणि हा क्रम आणखी एकदा करावा. स्क्रू आत घेताना तो जोर लावून कधीही दाबू नये. त्याचे अणकुचीदार टोक बसकते व मग कोणतेच माप जमत नाही. आणखी एक सावधगिरी अशी, की काही कार्बुरेटरांत हा स्क्रू मिश्रणाऐवजी निव्वळ हवेची वाट आवळतो, आणि तेथे दिशा उलट होते. एस.यू. पद्धतीत तर खालचा नट फिरवून जेटच वरखाली करावा लागतो. जेट खाली गेला की मिश्रण रिच होते. म्हणून आपल्या गाडीवर कोणता कार्बुरेटर आहे, हे आधी ओळखावे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हा स्क्रू गाडी उभी असतानाचे व अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असतानाचे मिश्रण ठरवतो. गाडी रस्त्यास लागली, की पेट्रोल मुख्य जेटमधून येते. त्यावर या स्क्रूची सत्ता चालत नाही. म्हणजे अ‍ॅव्हरेज वाढावे म्हणून हा स्क्रू आवळल्याने लांबच्या प्रवासात पेट्रोल वाचत नाही. गाडी चौकात बंद पडते, मग चालक चोक ओढतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, आणि वाचवलेल्याहून अधिक पेट्रोल खर्ची पडते. काही ठिकाणी मुख्य जेटच बारीक बसवून देतात. तेथे पेट्रोल वाचल्यासारखे दिसते खरे. पण चढावर, चार माणसे व सामान घेऊन चाललेल्या गाडीस अंग थंड राखण्यापुरते जादा पेट्रोल लागते, तेच तिला मिळत नाही. अ‍ॅम्बॅसडर, हेरल्ड यांच्या बिडाच्या हेडमध्ये तर व्हॉल्व्हची बैठक त्या बिडातच कोरलेली असते. शिसे गेल्यापासून ती आधीच झिजत आली आहे. तिला हा ताप सोसवत नाही.

मुख्य जेटची परीक्षा प्लगवरून होते. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर एका गतीने जावे, मग त्याच गतीत क्लच दाबून इग्निशन बंद करावे व गाडी कडेला आणावी. पुढेमागे वाहन नाही आणि स्टिअरिंगला कुलूप बसत नाही, हे पाहूनच असे करावे. प्लग निवाले म्हणजे काढावेत. त्यांचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा असेल तर माप ठीक. काळी कोरडी काजळी असेल तर रिच. पांढराफटक असेल, पोर्सेलिनवर बारीक फोड दिसत असतील, तर लीन. बिनशिशाच्या पेट्रोलाने रंग पूर्वीपेक्षा फिका येतो, हे ध्यानी ठेवून निर्णय करावा. लीन दिसल्यास मुख्य जेट एक पायरी मोठा घ्यावा. जेटवरील आकडा साधारणपणे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. १२० काढून १२५ बसवला, तर भोकाचे क्षेत्र सुमारे साडेआठ टक्के वाढते. २० टक्के इथेनॉलाने आलेला लीनपणा जवळजवळ तेवढाच आहे. आपल्या उंचीचा विचार करता कित्येकदा १२२ वा १२३ चा जेट पुरेल. तो न मिळाल्यास १२५ बसवून प्लग पुन्हा पाहावेत.

यानंतर गाडी धुराच्या तपासणीस न्यावी. जुन्या पेट्रोल गाडीस आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम संपले असे न मानता, यंत्रावरचा आकडा विचारून घ्यावा. स्क्रू कोठे आहे याचा तो बिनचूक साक्षीदार होय.

वर्षातून चार वेळाच निघणाऱ्या गाडीची आणखी काळजी घ्यावी लागते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पावसाळाभर टाकीत पेट्रोल राहिले, तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते, आणि तेच प्रथम कार्बुरेटरमध्ये येते. जुन्या रबरी नळ्या, पॅकिंगे व पंपाचा पडदा यांनाही इथेनॉल मानवत नाही; ती फुगतात, चिरतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घेणे, हे जेट बदलण्याहूनही आधीचे काम आहे. त्यास फार खर्च नाही, आणि न केल्यास आगीचे भय आहे.

हे सर्व जाणणारे मिस्त्री आता थोडे उरले आहेत. सस्तापूर बंगल्यापासून हमरस्त्याच्या कडेने गेले, तर मालमोटारींची दुरुस्ती करणारे पुष्कळ भेटतात. पण डिझेलच्या त्या इंजिनांना कार्बुरेटर नसतो. जो वृद्ध मिस्त्री मालकाशी मराठीत, पोऱ्याशी कन्नडात आणि इंजिनाशी दखनीत बोलत केवळ कानाने मिश्रण लावतो, त्याच्याकडे गाडी न्यावी, त्याच्या शेजारी उभे राहावे आणि तो काय करतो ते पाहावे. घरातील मुलगा वा मुलगी बरोबर असेल तर अधिक चांगले. "अ‍ॅव्हरेज वाढवून द्या," असे मात्र त्यास सांगू नये. "पेट्रोल बदलले आहे, प्लग पाहून जेट ठरवा," असे सांगावे.

आणि गाडीत एक लहान वही ठेवावी. तारीख, ऋतू, कोणत्या गावी लावली, जेटचा आकडा, पूर्ण मिटवून स्क्रू किती आटे बाहेर काढला, प्लगचा रंग आणि धुराचा आकडा, एवढे सात रकाने पुरेत. ज्यांच्या घरी वडिलांच्या हस्ताक्षरातील अशी नोंद आहे, त्यांनी तिच्याखालीच पुढची ओळ लिहावी. त्या नोंदीतील जेटचा आकडा आज चालणार नाही. पण कोठून किती सरकावयाचे, हे त्यावरूनच कळेल.